भिंतीकडची खाट

१

त्या खोलीची खिडकी उत्तरेला होती की पश्चिमेला, हे डॉ. निंगप्पा कलशेट्टींना आता नक्की सांगता येत नाही. दुपारी उन्हाची तिरीप गिरिजाबाईंच्या पायांवर यायची, एवढं आठवतं. म्हणजे खिडकी पश्चिमेला असायला हवी. पण पश्चिमेला तर जिना होता. असं ते स्वतःच मांडतात आणि स्वतःच खोडतात. जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला, ध्वनीच्या कंपनांवर पीएचडी केलेला हा माणूस गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून घरी परतायचा. गिरिजाबाई म्हणायच्या, "ह्यांना नाव विचारलं तरी आधी आधार कार्ड काढून बघतील."

भिंतीबद्दल मात्र त्यांना शंका नाही.

भद्रावती पेठेच्या अंगाला ते हृदयरोगाचं खाजगी रुग्णालय होतं. चहूबाजूंनी यंत्रमागांचे कारखाने. गिरिजाबाईंच्या हृदयाची ताकद कमी झाली होती, छातीत पाणी साठलं होतं. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून पाठीशी उशा लावून त्यांना बसवून ठेवलेलं. अतिदक्षता विभागातून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खाटांच्या खोलीत आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता धोका टळलाय. फक्त झोप हवी. झोप लागली की निम्मं काम झालं."

तीच येत नव्हती. रात्र म्हणजे ट्यूबलाइट, मॉनिटरचं टुंटुं, मधेच कुणाचा तरी अलार्म, लघवीच्या गोळीनं सारखं उठणं, आणि डोळा लागतो न लागतो तोच रक्त काढायला आलेला माणूस. दिवसा डोळे तारवटलेले. बोलता बोलता त्या वाक्य विसरायच्या, एकदा तर निंगप्पांनाच 'डॉक्टरसाहेब' म्हणाल्या.

"मी डॉक्टरच आहे," ते म्हणाले.

"व्हय. पण कामाचा न्हाय."

एवढं बोलल्या तेव्हा निंगप्पांना जरा बरं वाटलं. पण त्याच दुपारी डॉक्टरांनी मुलीला, सिद्धेश्वरीला, बाहेर बोलावून सांगितलं की आजींना झोप लागली नाही तर हृदय दमेल, आणि एकदा का ते दमलं तर आपल्या हातात फारसं काही उरणार नाही. दाराआड उभं राहून निंगप्पांनी ते ऐकलं. सोलापुरातला उन्हाळा, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्यांच्या तळहातांना गार घाम.

२

दुसरी खाट भिंतीकडची. तिच्यावर कमलम्मा होत्या. पद्मशाली घरातल्या, हयात मागावर गेलेली. बोट बोट जाड कुंकू, कानांत जड कुड्या. माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत बोलायच्या. बोलायच्या मात्र मनसोक्त.

"अक्का, तुमाला झोप न्हाई येत, कारण तुमी लांब हाय," त्या गिरिजाबाईंना सांगायच्या. "मला बघा. डोकं टेकलं की निद्रा. हितं मागं मग्गम चालतंय की. आमच्या घरातल्यागत."

मग्गम म्हणजे माग. ऐकून कुणालाच काही वाटलं नाही. सोलापुरात मागाच्या आवाजाची तक्रार कोण करणार? विणकरांच्या पूर्व भागातली पोरं पाळण्यात असल्यापासून त्या खडखडाटात झोपतात. लाईट जाऊन माग बंद पडले की उलट दचकून उठतात. दुसऱ्या गावचा पेशंट असता तर म्हणाला असता, अहो, भिंतीमागे हे काय ठोकतायत? इथं सिस्टरपासून डॉक्टरपर्यंत सगळे त्याच आवाजावर वाढलेले.

निंगप्पांचा कान मात्र शिकलेला. लांबच्या यंत्रमागांचा एक सलग घरघराट होता, पाऊस पडत राहावा तसा. त्याच्या खाली, भिंतीला लागून, एक वेगळा माग होता. संथ. धोटा गेला, फणी आपटली. धोटा आला, फणी आपटली. हातमाग, त्यांनी ठरवलं. आणि ठरवल्यावर लगेच, हातमाग या पेठेत आता कुठला, अशी शंका काढली.

"आणि गातो पण," कमलम्मा म्हणाल्या. "मधी मधी. आमच्या तेलुगूत. लई जुनं गाणं. माझी अम्मा म्हणायची."

"कोण गातो?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"मागवाला. आणि कोण?"

निंगप्पांनी कान दिला. माग ऐकू आला. गाणं नाही.

कमलम्मांची सून शिवानी दुपारी डबा घेऊन यायची. आली की पहिलं काम ठरलेलं. सासूच्या तोंडावर गेलेली चादर खाली ओढायची आणि कमरेपाशी नीट दुमडायची. "रोज हेच बघा काका," ती म्हणाली. "घरी कधी तोंडावर घेत नव्हत्या. हितं आल्यापास्नं सवय लागली."

आया तानाबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, "त्या खाटंवरचं मानूस झोपतंयच बगा. आदीचं बी झोपायचं. लई गुणाची खाट हाय."

आधीच्या पेशंटचं पुढं काय झालं, हे निंगप्पांना विचारायचं होतं. पण असलं रुग्णालयात विचारू नये, अशुभ दिसतं, असं वाटून त्यांनी विचारलं नाही.

३

एका दुपारी लाईट गेली.

आधी लांबचे यंत्रमाग थांबले. सगळे एकदम थांबले नाहीत; गल्लीगल्लीनं आवाज विझत गेला. पंखा फिरत फिरत मंदावला. रुग्णालयाचा जनरेटर अजून सुरू व्हायचा होता. मॉनिटर बॅटरीवर आले, त्यांचं टुंटुं तेवढं राहिलं. निंगप्पा खुर्चीत बसून होते. त्यांना आधी कळलंच नाही की आपण कशाकडे कान लावलाय.

भिंतीमागचा माग चालू होता.

हातमागाला वीज कशाला लागते, ते स्वतःला म्हणाले. बरोबर आहे. उलट यावरून आपलं अनुमान सिद्धच झालं. तो हातमागच आहे. त्यांना क्षणभर समाधानही वाटलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की कमलम्मांच्या मॉनिटरचा ठोका आणि मागाचा ठोका एकच आहे. मागेपुढे नाही. घड्याळाचे दोन लंबक शेजारी ठेवले तर काही वेळानं एका तालात डुलायला लागतात, हे त्यांनी वर्गात अनेकदा शिकवलं होतं. पण लंबकांमध्ये भिंत असते, लाकूड असतं, काहीतरी जोडणारं असतं. इथं काय होतं?

कमलम्मांच्या तोंडावर चादर गेलेली होती. सुती पांढरी चादर, नाकापाशी श्वासानं किंचित हलणारी. शिवानी यायची होती. आपण उठून ती खाली करावी का? परक्या बाईच्या अंगावरची चादर ओढायची कशी? ते अर्धे उठले, परत बसले. सिस्टरला हाक मारावी, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं.

माग मंदावला. सुताचा शेवट आला की विणकर हात आवरता घेतो, तसा. एक ठोका, मग बऱ्याच वेळानं एक. मॉनिटर त्याच्या मागोमाग. मग माग थांबला. तेवढ्यात खाली जनरेटर धडधडत सुरू झाला, पंखा हलला, आणि मॉनिटर एकसुरी किंचाळायला लागला.

माणसं धावत आली. निंगप्पांना खुर्चीसकट बाहेर काढलं. आत सुकन्या सिस्टर कमलम्मांच्या छातीवर जोर देत होती आणि गिरिजाबाई उशांना टेकून, डोळे सताड उघडे ठेवून, ते सगळं बघत होत्या.

४

"काकू, तुम्हाला तिकडं घेऊया का?" दुसऱ्या दिवशी सुकन्या सिस्टर म्हणाली. "ह्या बाजूचा ऑक्सिजनचा पॉइंट शिट्टी मारतो. तिकडचा छान आहे. एसीची हवा पण तिकडंच लागते."

"नको," निंगप्पा म्हणाले.

सिस्टरनं वळून बघितलं. सिद्धेश्वरीनंही.

"म्हणजे," ते म्हणाले, "चालेल. तुम्हाला योग्य वाटत असेल तर."

त्या दुपारी गिरिजाबाई झोपल्या. किती दिवसांनी त्यांचं तोंड असं सैल पडलं होतं. सिद्धेश्वरी दारात उभी राहून ओढणीनं डोळे पुसत होती. डॉक्टर राउंडला आले तेही ओठांवर बोट टेकवून हळूच म्हणाले, "उठवू नका हं. कुणीही उठवू नका. हेच औषध आहे."

निंगप्पा ऐकत होते. माग पुन्हा सुरू झाला होता. टुंटुं आणि माग, ठोक्याला ठोका.

संध्याकाळी जाग आल्यावर गिरिजाबाई ताज्या दिसत होत्या. शेंगाची चटणी मागितली, मीठ चालत नाही म्हटल्यावर सरकारला, डॉक्टरला आणि नवऱ्याला एकाच वाक्यात शिव्या घातल्या. मग म्हणाल्या, "अहो, कोण हो म्हणत होतं?"

"काय?"

"जात्यावरचं पद. कन्नडातलं. अव्वा म्हणायची माझी, पहाटं दळताना. अगदी तिच्याच गळ्यातलं. पण पुरुषाचा आवाज."



पुढच्या दुपारी ती चादर त्यांनी स्वतः कमरेपाशी दुमडली आणि समोर बसले. डोळा चुकवून ती छातीवर आली. त्यांनी खाली केली. पेपरचं पान उलटेपर्यंत हनुवटीवर. झोपेत माणूस हात हलवतो, ते म्हणाले. पण गिरिजाबाईंचे दोन्ही हात पोटावर होते, एकात सुई. आणि माग कालच्यापेक्षा संथ झाला होता. मॉनिटरवरचा आकडाही तेवढाच खाली. सिस्टर म्हणाली, "छान आहे की काका, आराम मिळतोय हृदयाला."

असेलही. तीच बरोबर असेल. आपण पंचाहत्तरी ओलांडलेला, जागरणानं भ्रमलेला माणूस. पेशंटच्या नातेवाइकाला असे भास होतात, त्याला डॉक्टरी नावही असेल. झोपली तर बायको वाचेल, असं सगळे जाणते लोक सांगतायत. झोपली तर जाईल, असं सांगणारा एकटा मी. आणि मला तर गॅस बंद केल्याचंही आठवत नाही.

५

म्हणून ते बघायला गेले. शास्त्राच्या माणसानं तेवढं तरी करावं.

भर दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून, त्यांनी रुग्णालयाला वळसा घातला. डांबर मऊ झालं होतं, चप्पल चिकटत होती. मागच्या बाजूला मोकळी जागा होती. बाभळीचं झुडूप, फुटकं कमोड, इंजेक्शनच्या बाटल्यांचे खोके. तिथं उभं राहून त्यांनी वर बघितलं. दुसऱ्या मजल्याची भिंत सरळ आभाळाला भिडलेली. तिला लागून इमारत नाही, गच्ची नाही, साधी शिडीसुद्धा नाही. एसीच्या पाण्याचा एक ओघळ आणि कोपऱ्यात दोन पारवे. भिंतीमागे ऊन होतं, बाकी काही नव्हतं.

हीच भिंत ना? त्यांनी खिडक्या मोजल्या, जिना कुठं ते आठवलं, पुन्हा मोजल्या. ही नसली तर तिकडची असेल. तिकडची बघितली. तिकडे रस्ता होता.

रस्त्यापलीकडे कारखान्याच्या उंबऱ्यावर एक विणकर बनियनवर बसला होता. आतले माग चालू होते, त्याच्या केसांत सुताचे तंतू.

"इथं जवळपास हातमाग कुठं चालतो का हो?"

"हातमाग?" तो हसला. "कशाला पायजे? पिक्चर काढताय काय?"

"नाही, आवाज येतो. त्या दवाखान्यात."

"सर, आमच्या आज्यानं इकला हातमाग. आता हितं कोण बसतंय पाय मारत? तुमाला चादर पायजे असंल तर सांगा, मिलच्या भावात देतो."

"दुपारी झोपता का तुम्ही?" हे का विचारलं, ते निंगप्पांना कळलं नाही.

"झोपतो की. हितंच. मागाखाली." त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमी पण झोपा जरा. डोळे बघा कसे झालेत."

परत जिना चढताना त्यांना धाप लागली. पहिल्या मजल्यावर ते थांबले. माग ऐकू येत नव्हता. दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्यातही नाही. खोलीचं दार उघडलं आणि तो आला. फार संथ.

६

चादर गिरिजाबाईंच्या नाकावर होती.

सिद्धेश्वरी औषधं आणायला गेलेली. निंगप्पा खाटेशी गेले, चादरीची कड धरली आणि खाली ओढली. ती आली नाही.

त्यांनी वाकून बघितलं. चादरीचं वरचं टोक उशीमागून खाटेच्या लोखंडी पाठीवर गेलं होतं, आणि पाठ नि भिंत यांच्या फटीत उतरलं होतं. ताठ. त्यावर एक सुरकुती नव्हती. माग वाजला, आणि चादर एका सुताएवढी वर सरकली. त्यांनी डोळे मिटून उघडले. माग वाजला. पुन्हा तेवढीच. विणून झालेलं कापड गुंडाळत न्यावं तशी, हिसका नाही, घाई नाही.

मॉनिटरवरचा आकडा बदलला. खाली.

उठवू नका, डॉक्टर म्हणाले होते. अचानक दचकवलं तर हृदयावर ताण येईल, काहीही होईल. हे खरं होतं. हे शास्त्र होतं. निंगप्पा आयुष्यात पहिल्यांदा शास्त्राशी वाद घालत न बसता त्याच्या विरुद्ध वागले. त्यांनी दोन्ही हातांनी चादर धरली, पाय खाटेला लावला आणि ओढली. पलीकडून कुणीतरी ती धरून होतं. फार जोरानं नाही. ज्याला आपल्या हातातलं सुटणार नाही याची खात्री असते, तेवढ्याच जोरानं.

फट जराशी रुंद झाली. त्यांनी आत बघितलं. नंतर कितीदा विचारलं तरी त्यांनी एवढंच सांगितलं: भिंत असायला हवी तिथं नव्हती, आत खोल होतं, आणि त्या खोलातून एक हात चादरीच्या कडेवरून बोटं फिरवत होता. तुटलेला धागा शोधताना विणकर बघत नाही, बोटांनी शोधतो. तसा.

खाटेशेजारी जेवणाचं स्टीलचं ताट होतं. त्यांनी ते उचललं आणि खाटेच्या लोखंडी नळीवर हाणलं. मागाच्या ठोक्यावर नाही. दोन ठोक्यांच्या मधे. मग पुन्हा मधे, पण जरा अलीकडे. मग उशिरा. ताल मोडायचा तर त्याच्या विरुद्ध वाजवून चालत नाही. विरुद्ध वाजवलं की तोही ताल होतो. वेडंवाकडं वाजवावं लागतं. हे त्यांच्या प्रबंधात होतं, दुसऱ्या प्रकरणात, आणि आजवर कुणी वाचलं नव्हतं.

माग चुकला. एक ठोका अडखळला, दुसरा दुहेरी पडला. मॉनिटर किंचाळायला लागला, पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली, आणि निंगप्पांना वाटलं, संपलं, मीच मारलं हिला. तरी हात थांबला नाही. ताट वाकलं. चादर एकदम सैल होऊन त्यांच्या अंगावर आली, ते मागे पडता पडता वाचले.

गिरिजाबाईंनी डोळे उघडले. तोंडानं मोठा श्वास घेतला.

"काय चाललंय तुमचं?" त्या म्हणाल्या. "आरती हाय का?"

७

सुकन्या सिस्टर आली, तानाबाई आली, डॉक्टर आले. मॉनिटरची रेघ तोवर पुन्हा मार्गी लागली होती. डॉक्टर संतापले होते, पण वयाकडे बघून सर म्हणत होते.

"सर, तुम्ही शिकलेले आहात. पेशंट गाढ झोपेत असताना ताट वाजवायचं?"

"खाट बदला," निंगप्पा म्हणाले.

"कारण?"

जन्मभर त्यांनी प्रत्येक वाक्याला तळटीप दिली होती. "कारण सांगणार नाही," ते म्हणाले.

"अप्पा, प्लीज," सिद्धेश्वरी म्हणाली. तिला लाज वाटत होती, ते त्यांना दिसत होतं.

"आजी, झोप हेच तुमचं औषध आहे," डॉक्टर गिरिजाबाईंकडे वळले. "तुम्हीच सांगा यांना."

गिरिजाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. वाकलेलं ताट, सुटलेलं धोतर. मग त्यांनी मागे भिंतीकडे बघितलं, जरा वेळ.

"मला ते औषध सोसत न्हाई," त्या म्हणाल्या. "तसं लिहून घ्या. त्या खिडकीकडं न्या मला."

त्यांना खिडकीकडे नेलं. भिंतीकडची खाट रिकामी झाली आणि पुरुषांकडे जागा नव्हती म्हणून तासाभरात तिच्यासाठी पेशंट आला. मैंदर्गीचा शेतकरी, नाव बिरुदेव, झटका येऊन गेलेला, चाकाच्या खुर्चीत दमून मान टाकलेला. "चार दिवस डोळ्याला डोळा न्हाई, मास्तर," त्याची बायको म्हणाली.

निंगप्पा उठले, भिंतीकडच्या खाटेवर गेले आणि चपला न काढता आडवे झाले.

मग बरंच काही झालं. सिस्टर रागावली, मुलगी रडली, वॉर्डबॉय दोन्ही बाजूंना उभे राहिले पण म्हाताऱ्याला हात कोण लावणार? "ही खाट भिंतीपासून ओढा, मग उठतो," एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी डॉक्टरांनी हात झटकले. वरिष्ठ आल्यावर बघू, म्हणाले. पेशंटला तोवर व्हरांड्यात ठेवलं.

डोकं उशीला टेकलं तसा माग आला. आणि पहिल्यांदाच गाणं आलं.

त्यांच्याही आईचं. कन्नडातलं, जोंधळ्याच्या राखणीचं. पायांतून गुंगी चढायला लागली, गोड, जड, कित्येक वर्षांत लागली नाही अशी. पोटावरची चादर हलल्यासारखी वाटली. ह्यात वाईट काय आहे, त्यांना वाटलं. सगळेच झोपतात.

पण कणसाची ओळ आधी येते की पाखरांची? तो पाखरांची आधी म्हणत होता. आई तशी म्हणायची? नाही, आई आधी कणसाची म्हणायची. की धाकट्या मावशीची चाल आपण आईची समजतोय? पुन्हा ऐकलं. पुन्हा शंका आली. हे नीट ठरवल्याशिवाय झोपणं त्यांना शक्यच नव्हतं. ते कधीच शक्य झालं नव्हतं. "चुकलं," ते मोठ्यानं म्हणाले. "परत म्हणा." व्हरांड्यातल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. "परत. आधी कणसं. मला वाटतं आधी कणसं. तुम्हाला तरी नक्की माहीत आहे का?"

माग थांबला. थांबून राहिला. खाटेमागे कुणीतरी उभं राहून ऐकतंय, असं त्यांना वाटत राहिलं. छातीत धडधडत होतं, त्यांचं स्वतःचं, कुणाच्याही तालात नसलेलं.

"बोला की," निंगप्पा म्हणाले. "मी जागाच आहे."

उन्हं उतरल्यावर वॉर्डबॉयनी खाट ओढली. कंटाळून, केवळ म्हाताऱ्यानं उठावं म्हणून. मागे साधा गिलावा होता, चुन्याचा, थोडा पोपडा आलेला. सगळ्यांनी बघितलं. निंगप्पांनीही बघितलं, आणि त्यांचे कान तापले. तरी त्यांनी खाट खोलीच्या मधोमध लावून घेतली, चाकांचे खटके स्वतः पायानं दाबले.

बिरुदेवला तिथं अजिबात झोप आली नाही. मधोमध माणसाला झोप कशी येणार? तो रोज कुरकुरला, आठवड्यानं चालत घरी गेला, जाताना म्हणाला, "मास्तर, तुमच्यापायी डोळा न्हाई लागला एक दिवस."

"छान झालं," निंगप्पा म्हणाले.

८

गिरिजाबाई वाचल्या. झोप त्यांची कायमची तुटक झाली, पण त्या तुटक झोपेवर त्यांनी बरीच वर्षं काढली, अजून काढतायत. आपण तिला वाचवलं, की बरी होत आलेल्या बाईला उगाच छळलं, हा प्रश्न निंगप्पांना मात्र रोज पडायचा. जागरण, ऊन, वय. कमलम्मांना रोगानं नेलं. बायकोनं ऐकलं ते स्वप्न, आणि कमलम्मांनी ऐकलं ते लांबच्या यंत्रमागांचं काहीतरी, घरची सवय, मनानं रचलेलं. कुठलाही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. तेही बहुतेक दिवशी हेच म्हणायचे.

मग त्यांचेच कान कमी झाले. मशीन बसवायला गिरिजाबाई त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. "आता तरी माझं ऐकू येईल," असं बाहेरच्या बाकावर सगळ्यांना सांगत होत्या. तिथं एक बाई उठून जवळ आली. शिवानी. केस पांढरे झालेले, सोबत नवरा. त्याची तपासणी होती.

"मागावर कान जातात काका," ती म्हणाली. "ह्यांचे आता चाललेत. आमच्या अत्तम्मांचे, सासूबाईंचे, तर पार गेलेले. ह्याच डॉक्टरांना दाखवलं होतं, मशीनचा पण उपयोग नाही म्हणाले."

निंगप्पांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. ढोल वाजला तरी कळायचं नाही. समोरच्याच्या ओठांवरून समजून घ्यायच्या, तुम्हाला जाणवलं नाही का?

तरी ते थांबले नाहीत. तिच्या नवऱ्याला, भारतला, त्यांनी बाजूला घेतलं आणि विचारलं, दवाखान्यात होत्या तेव्हा आईला थोडंतरी ऐकू येत असेल ना?

भारत म्हणाला, "नाही हो सर. मी शाळेत जायच्या आधीपासून आईला काहीच ऐकू येत नव्हतं."